छातीत दुधाळ पाणी साचले तर: कायलोथोरॅक्सची तपासणी, उपचार आणि आहार

‘छातीत पाणी झाले आहे’ असे डॉक्टरांनी सांगितले, की सोलापूर जिल्ह्यातील बहुतेक घरांत पहिली शंका क्षयरोगाची येते. ती अनाठायी नसते, कारण आपल्याकडे फुप्फुसाच्या आवरणात पाणी साचण्याचे क्षय हे मोठे कारण आहे. मात्र असे प्रत्येक पाणी क्षयाचे नसते. त्यांपैकी एक पाणी तर असे असते की ते नुसते पुन्हापुन्हा काढत राहिल्यास रुग्ण सुधारण्याऐवजी खंगत जातो. या विकाराला कायलोथोरॅक्स म्हणतात. तो दुर्मीळ आहे, पण वेळेवर ओळखला गेल्यास बहुतेक वेळा आटोक्यात आणता येतो. ओळखण्यासाठी लागणारी मुख्य चाचणी साधी आहे आणि ती कोणत्याही बऱ्या प्रयोगशाळेत होऊ शकते. ती करून घेण्याचा आग्रह घरच्यांनी धरावा आणि कारणाचा शोध चालू असताना रुग्णाचे पोषण ढासळू देऊ नये, यासाठी हा लेख लिहिला आहे.

हे पाणी येते कोठून

आपण खाल्लेले तेल, तूप, दूध आणि शेंगदाणे यांतील चरबी आतड्यात पचल्यावर थेट रक्तात जात नाही. लसिका म्हणजे लिम्फ हा शरीरातील पाण्यासारखा द्रव वाहून नेणाऱ्या, आतड्याच्या भिंतीतील सूक्ष्म लसिकावाहिन्या ती उचलतात. चरबीच्या कणांमुळे पांढरट झालेल्या या लसिकेला कायल म्हणतात. पोटाच्या मागील बाजूस, कमरेच्या वरच्या मणक्यांसमोर ती गोळा होते आणि तेथून थोरॅसिक डक्ट नावाच्या मुख्य लसिकावाहिनीतून छातीत वर चढते. ही वाहिनी आधी पाठीच्या कण्याच्या उजव्या बाजूने जाते, छातीच्या पाचव्या मणक्याच्या आसपास डावीकडे वळते आणि मानेच्या डाव्या बाजूला मोठ्या शिरेत उघडते. प्रौढ माणसात या मार्गाने दिवसाला साधारण दीड ते अडीच लिटर कायल वाहते. वाहिनी खालच्या भागात फुटली तर पाणी सहसा उजव्या बाजूला साचते, वरच्या भागात फुटली तर डाव्या बाजूला. त्यामुळे पाणी कोणत्या बाजूला आहे, यावरूनही डॉक्टरांना गळतीच्या जागेचा अंदाज बांधता येतो.

कायलमध्ये चरबीबरोबर प्रथिने, क्षार, अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे, प्रतिकारद्रव्ये आणि मोठ्या संख्येने लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशी असतात. एक लिटर कायल बाहेर गेले तर सुमारे 20 ते 30 ग्रॅम प्रथिने शरीर गमावते. म्हणूनच दररोज लिटरभर कायल बाहेर जात असलेला माणूस काही आठवड्यांतच अशक्त होतो, त्याच्या रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन आणि सोडियम घटते, पायांवर सूज येते आणि साध्या जंतूंपुढेही तो टिकत नाही. दुसरीकडे, कायल फुप्फुसावरणाला फारसे झोंबत नसल्यामुळे ताप किंवा छातीत टोचणारी कळ सहसा नसते. चालताना लागणारा दम, छातीत जडपणा आणि थकवा एवढ्याच तक्रारी असल्याने घरचे लोक बरेच दिवस दुर्लक्ष करतात.

कारणे

कारणांचे दोन मोठे गट पडतात. पहिल्या गटात वाहिनीला थेट इजा झालेली असते. अन्ननलिकेच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, लहान मुलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया, मानेच्या किंवा छातीच्या लसिकाग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया यांनंतर हे घडू शकते. यात शल्यचिकित्सकाचा हलगर्जीपणाच असतो असे नाही, कारण ही वाहिनी अतिशय नाजूक असते, उपाशी माणसात ती जवळजवळ पारदर्शक दिसते आणि प्रत्येकाच्या शरीरात तिची वाट थोडी वेगळी असते. रस्ता अपघातात पाठीचा कणा मागे जोराने ताणला गेला, छातीवर मार बसला किंवा भोसकल्याची जखम झाली तरीही ती फुटू शकते. अपघातानंतर काही दिवस बरे वाटून मग दम लागू लागला, विशेषतः रुग्ण नेहमीसारखे जेवू लागल्यावर, तर ही शक्यता लक्षात ठेवावी.

दुसऱ्या गटात मार लागलेला नसतो. त्यात सर्वांत मोठा वाटा कर्करोगाचा आणि त्यातही लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचा असतो. छातीतील ग्रंथी सुजून वाहिनीवर दाब आणतात आणि कायल पाझरू लागते. क्षयामुळे सुजलेल्या ग्रंथीही हेच करू शकतात. म्हणजे पाणी कायल निघाले म्हणून क्षय नाही असे ठरत नाही आणि क्षय सापडला म्हणून कायल तपासायचे नाही असेही नाही. छातीतील मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी होणे, यकृताचा सिरोसिस आणि सारकॉइडोसिस (अवयवांत सुजेच्या बारीक गाठी होणारा विकार) ही आणखी काही कारणे आहेत. तरुण स्त्रीच्या फुप्फुसाबाहेर वारंवार हवा साचत असेल आणि मूत्रपिंडात चरबीयुक्त गाठ असेल, तर लिम्फँजिओलिओमायोमॅटोसिस या दुर्मीळ आजाराचा विचार करावा लागतो. त्यावर सिरोलिमस हे औषध उपयोगी पडते.

हत्तीरोगाचा उल्लेख येथे वेगळा करावा लागेल, कारण सोलापूर हा महाराष्ट्रातील हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांपैकी एक आहे. हत्तीरोगाचे जंतू लसिकावाहिन्यांतच राहतात. त्यांच्यामुळे छातीत कायल साचणे हे विरळाच घडते, लघवी दुधासारखी पांढरी होणे त्या मानाने अधिक आढळते. तरीही रुग्णाला पूर्वी दुधाळ लघवी झाली असेल, पाय किंवा अंडकोश सुजला असेल, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगावे. या रोगाचे सूक्ष्म जंतू आपल्याकडे रात्रीच रक्तात उतरतात. त्यामुळे रक्ताचा नमुना रात्री 10 नंतर घेण्यास सांगितले तर त्यात चालढकल करू नये.

पाणी तपासताना काय मागावे

एक्स-रे आणि सोनोग्राफी एवढेच सांगतात की पाणी आहे, किती आहे आणि कोठे आहे. ते कसले आहे हे सुई घालून नमुना काढल्यावरच कळते. येथेच सर्वांत मोठी गफलत होते. कायल म्हणजे दुधासारखे पांढरे पाणी अशी समजूत असल्यामुळे पिवळसर, गढूळ किंवा रक्तमिश्रित पाणी दिसले की कायलची शक्यता बाजूला पडते. वास्तविक कायलोथोरॅक्सच्या सुमारे निम्म्याच रुग्णांत पाणी दुधाळ दिसते. शस्त्रक्रियेनंतर उपाशी असलेल्या किंवा अन्न जात नसलेल्या रुग्णाच्या आतड्यात चरबीच नसते, त्यामुळे त्याचे कायल स्वच्छ पाण्यासारखे दिसू शकते.

दुसरी गफलत अधिक घातक आहे. कायलमध्ये प्रथिने भरपूर आणि पेशींत लिम्फोसाइटचे प्रमाण फार मोठे असते. क्षयाच्या पाण्याचा अहवालही नेमका असाच येतो. पाण्यातील ट्रायग्लिसराइड ही चरबी कोणी मोजलीच नाही, तर केवळ लिम्फोसाइट पाहून क्षयाची औषधे सुरू होतात आणि खरे कारण, कदाचित लिम्फोमा, महिनोन्‌महिने आत वाढत राहते. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की पाण्याचे निदान पक्के नसेल, ते पुन्हा भरत असेल किंवा क्षयाची औषधे नीट घेऊनही कमी होत नसेल, तर पाण्यातील ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉल मोजायला घरच्यांनी विनंती करावी. यात डॉक्टरांच्या ज्ञानावर शंका घेतल्यासारखे काहीही नाही.

ट्रायग्लिसराइडचा आकडा असा वाचावा. दर 100 मिलिलिटरमागे 110 मिलिग्रॅमपेक्षा अधिक असेल तर पाणी कायल असण्याची शक्यता फार मोठी. 50 पेक्षा कमी असेल आणि रुग्ण व्यवस्थित जेवत असेल तर शक्यता फार थोडी. मधल्या आकड्यांत निर्णय होत नाही, तेव्हा लिपोप्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस ही चाचणी करून पाण्यात कायलोमायक्रॉन म्हणजे चरबीचे विशिष्ट कण आहेत का, हे पाहतात. ते सापडले तर निदान पक्के. नमुना देताना रुग्णाने शेवटचे कधी आणि काय खाल्ले, तो सलाईनवर आहे का, हे प्रयोगशाळेच्या कागदावर अवश्य लिहून घ्यावे, कारण उपाशीपोटी आलेला कमी आकडा फसवा असतो.

दुधाळ दिसणारे पाणी कायलच असते असेही नाही. पू असेल तर नमुना यंत्रात फिरवल्यावर पेशी तळाशी बसतात आणि वरचे पाणी स्वच्छ होते, कायल मात्र तसेच दुधाळ राहते. वर्षानुवर्षे साचून राहिलेल्या जुन्या पाण्यात, मग ते जुन्या क्षयाचे असो की संधिवाताचे, कोलेस्टेरॉल वाढून तेही पांढरट दिसते. त्यात कोलेस्टेरॉल सहसा 200 मिलिग्रॅमच्या वर असते, सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे स्फटिक दिसतात आणि फुप्फुसाचे आवरण जाड झालेले असते. त्या स्थितीचे उपचार वेगळे असतात. आहारातील चरबी बंद करून तेथे काहीही साधत नाही.

त्याच नमुन्यावर एडीए आणि सीबीनॅट या क्षयाच्या चाचण्या, जंतूंचे कल्चर आणि कर्करोगाच्या पेशींची तपासणी करून घेतली तर पुन्हा सुई टोचण्याची वेळ टळते. कायल सिद्ध झाल्यावर आणि अलीकडे शस्त्रक्रिया किंवा अपघात झालेला नसल्यास छाती व पोटाचा सीटी स्कॅन आवश्यक ठरतो. त्यात सुजलेल्या ग्रंथी दिसल्यास त्यांची बायोप्सी म्हणजे तुकडा काढून तपासणी करावी लागते. येथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे: बायोप्सी होण्यापूर्वी स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू करू नयेत. लिम्फोमाच्या गाठी स्टिरॉइडने तात्पुरत्या विरघळतात, रुग्णाला चार दिवस बरे वाटते आणि निदान हातून निसटते. गळती नेमकी कोठे आहे हे शोधण्यासाठी लिम्फँजिओग्राफी करतात. त्यात जांघेतील लसिकाग्रंथीत लिपिओडॉल हे तेलकट द्रव्य सोडून त्याचा प्रवास एक्स-रेवर पाहतात. या द्रव्यामुळेच कधीकधी गळती बंदही होते.

उपचार: नळी, औषधे आणि शस्त्रक्रिया

श्वास मोकळा करणे हे पहिले काम. पाणी थोडे असेल तर सुईने काढतात, वेगाने भरत असेल तर छातीत नळी घालतात. एका बैठकीत साधारण एक ते दीड लिटरपेक्षा अधिक पाणी झटकन काढले जात नाही, कारण दबलेले फुप्फुस एकदम फुलल्यास त्यात सूज येण्याचा धोका असतो. ‘सगळे एकदाच काढून टाका’ असा हट्ट नातेवाइकांनी धरू नये.

नळी घातल्यावर तिला जोडलेल्या, पाणी साठवणाऱ्या बाटलीची काळजी बहुधा नातेवाइकांकडेच येते. बाटली नेहमी छातीच्या पातळीखाली ठेवावी, उचलून खाटेवर ठेवू नये, रुग्णाला हलवताना नळी मुडपू देऊ नये आणि स्वतःच्या मनाने ती चिमटा लावून बंद करू नये. रोज ठरावीक वेळी बाटलीतील पाणी किती वाढले, त्याचा रंग काय आहे आणि रुग्णाचे वजन किती आहे, हे एका वहीत लिहावे. ही वही उपचाराची दिशा ठरवते. दिवसाला शंभर-दोनशे मिलिलिटर येत असेल तर वाट पाहता येते. दररोज लिटरभराहून अधिक पाच-सहा दिवस सतत येत राहिले, दोन आठवड्यांनंतरही गळती थांबली नाही किंवा रुग्ण झपाट्याने खंगू लागला, तर डॉक्टर पुढच्या उपायांकडे वळतात. अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेनंतर मोठी गळती असेल तर त्याहूनही लवकर निर्णय घेतात.

मूळ रोगाचा उपचार याच वेळी सुरू व्हायला हवा. लिम्फोमा असेल तर केमोथेरपी, क्षय असेल तर क्षयाची पूर्ण औषधयोजना. ऑक्ट्रिओटाइड हे इंजेक्शन आतड्यातील स्राव आणि पर्यायाने कायलचा प्रवाह कमी करण्यासाठी देतात. त्याचा गुण सगळ्यांना सारखा येत नाही. त्याने जुलाब होऊ शकतात आणि रक्तातील साखर वरखाली होते, म्हणून मधुमेही रुग्णाची साखर वारंवार तपासावी.

एवढ्याने गळती थांबली नाही तर वाहिनी बंद करण्याचा मार्ग उरतो. 1948 मध्ये लॅम्पसन या शल्यचिकित्सकांनी थोरॅसिक डक्ट बांधून गळती थांबवल्याचे प्रसिद्ध केले. त्यापूर्वी या विकाराने पछाडलेले सुमारे निम्मे रुग्ण दगावत असत. आज हीच शस्त्रक्रिया बहुधा दुर्बिणीतून, उजव्या बाजूने, छाती आणि पोट यांमधील पडद्याच्या लगेच वर केली जाते. काही ठिकाणी शस्त्रक्रियेच्या काही तास आधी रुग्णाला पोटात घातलेल्या नळीतून दूध किंवा साय देतात, म्हणजे वाहिनी पांढरी होऊन स्पष्ट दिसते. वाहिनी बांधल्यावर लसिकेचे काय होणार, असा प्रश्न नातेवाईक नेहमी विचारतात. शरीरात लसिकेच्या पर्यायी वाटा असतात आणि प्रवाह त्या वाटांनी वळतो. कर्करोगाच्या रुग्णात फुप्फुसाची दोन्ही आवरणे टाल्क ही भुकटी घालून एकमेकांना चिकटवण्याचा उपायही करतात. पोटातून बारीक नळी थेट वाहिनीत नेऊन तेथे कॉइल म्हणजे तारेची बारीक गुंडाळी आणि वैद्यकीय गोंद घालणे ही एम्बोलायझेशनची पद्धत गेल्या काही दशकांत रुळली आहे. यात छाती उघडावी लागत नाही, परंतु त्यासाठी या कामात तयार झालेला इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रेसारख्या प्रतिमा पाहत बारीक नळीने उपचार करणारा तज्ज्ञ, लागतो.

सोलापूरच्या स्वयंपाकघरात चरबी बंद करणे

नळी आणि औषधे डॉक्टर सांभाळतात, आहार मात्र घराच्या हातात असतो. गळती चालू असताना तोंडाने घेतलेली चरबी कमी केली की कायलचा प्रवाह घटतो आणि फुटलेल्या जागेला भरून यायला अवधी मिळतो. अनेकदा दिवसाची मर्यादा 10 ग्रॅम चरबीच्या आसपास ठेवतात. ही मर्यादा ऐकायला सोपी आहे, पाळायला अतिशय अवघड आहे, आणि आपल्या भागात तर विशेष अवघड आहे.

कारण उघड आहे: शेंगदाणा. त्याच्या वजनात जवळजवळ निम्मी चरबी असते. भाकरीसोबत घेतलेल्या 20 ग्रॅम शेंगाचटणीतूनच 8 ते 9 ग्रॅम चरबी पोटात जाते, म्हणजे दिवसभराचा वाटा एका घासाबरोबर संपतो. चटणी ताटातून काढणे समजते, पण वांग्याच्या भाजीतले कूट, आमटीतले वाटण, धपाट्यांवरचे तेल आणि चहासोबतची खारी हे कोणाच्या लक्षात येत नाही. कारळाची, जवसाची आणि तिळाची चटणी, सुके खोबरे, सोयाबीन, अंड्याचा पिवळा बलक, मटणाचा रस्सा आणि साय हे सर्व बंद ठेवावे लागते. म्हशीच्या दुधाच्या एका पेल्यात सुमारे 13 ग्रॅम चरबी असते, साय काढूनही त्यातली बरीच उरते. म्हणून स्किम्ड दूध किंवा लोणी पूर्ण काढलेले ताक द्यावे. उपवासाच्या दिवसांची खास आठवण ठेवावी. पंढरपूरच्या वारीच्या काळात घरोघरी एकादशी पाळली जाते आणि दाण्याच्या कुटाने भरलेली साबुदाण्याची खिचडी रुग्णालाही प्रेमाने वाढली जाते. उपवास करायचाच असेल तर तेल-कूट न घातलेली भगर आणि फळे द्यावीत, पण गळती चालू असताना उपवास टाळणेच हिताचे आहे.

यावर उपायही आपल्याच ताटात आहेत. ज्वारीच्या भाकरीत चरबी थोडी असते, म्हणून रुग्णाला मऊ किंवा कडक भाकरी निर्धास्तपणे द्यावी. बाजरीत ती अधिक असते. हुलग्यात प्रथिने भरपूर आणि चरबी नाममात्र असल्यामुळे तेलाशिवाय केलेले हुलग्याचे माडगे हा अत्यंत उपयुक्त पदार्थ आहे. तूर, मूग, मसूर यांचे बिनफोडणीचे वरण, मोड आलेली मटकी, अंड्याचा पांढरा भाग, स्किम्ड दुधाचे दही, आणि मांसाहारी घरांत कातडी काढलेले कोंबडीच्या छातीचे उकडलेले मांस, यांतून प्रथिने भरून काढावीत. चवीसाठी लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, चिंच आणि लिंबू वापरण्यास हरकत नाही. रुग्ण या बेचव जेवणाला कंटाळतो आणि जेवणच कमी करतो, हा खरा धोका असतो. म्हणून थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे.

चरबीतून मिळणारी ऊर्जा भरून काढण्यासाठी डॉक्टर एमसीटी तेल सांगतात. या तेलातील मध्यम लांबीच्या साखळीची मेदाम्ले लसिकावाहिनीत न शिरता यकृताकडे जाणाऱ्या रक्तात थेट शोषली जातात, त्यामुळे गळती वाढत नाही. ते एका चमच्यापासून सुरू करावे, नाहीतर पोटात मुरडा येतो आणि जुलाब होतात. त्यात तळण करू नये, शिजलेल्या वरणात किंवा भातावर वरून घालावे. त्याऐवजी खोबरेल तेल चालेल असे कोणी सांगितले तर ऐकू नये. खोबरेल तेलातील मोठा भाग लॉरिक आम्लाचा असतो आणि ते बरेचसे लसिकेतूनच शोषले जाते.

आहाराने प्रवाह घटला नाही तर तोंडाने खाणे पूर्ण थांबवून शिरेतून पोषण देतात. शिरेतून दिलेली चरबी लसिकावाहिनीतून जात नसल्यामुळे ती चालते. चरबीविरहित आहार काही आठवडे लांबला तर आवश्यक मेदाम्ले आणि अ, ड, ई, के जीवनसत्त्वे वेगळी द्यावी लागतात. त्यामुळे हा आहार रुग्णालयातील आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच चालवावा, घरी बसून महिनोन्‌महिने नव्हे.

तान्ह्या बाळांविषयी

नवजात बाळाच्या छातीत पाणी साचण्याचे कायल हे प्रमुख कारण आहे. काही वेळा ते जन्मजात असते आणि डाऊन, टर्नर किंवा नूनन सिंड्रोम या जनुकीय विकारांशी जोडलेले असते, काही वेळा ते हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर उद्भवते. अशा बाळाला काही आठवडे आईचे नेहमीचे दूध थांबवून एमसीटीयुक्त दूध, किंवा सोय असेल तर चरबी काढलेले आईचे दूध देतात. या काळात आईने ठरावीक अंतराने दूध काढत राहिले पाहिजे, नाहीतर बाळ बरे होईपर्यंत पान्हा आटतो. घरातील वडीलधाऱ्यांनी ‘तुझे दूध बाळाला बाधले’ असे तिला कधीही म्हणू नये. दोष दुधात नसतो, बाळाच्या वाहिनीत असतो. प्रतिकारशक्ती घटलेली असल्यामुळे लसीकरणाचे वेळापत्रकही बालरोगतज्ज्ञांना विचारूनच चालू ठेवावे.

कोठे जावे, काय सोबत न्यावे

पाणी काढणे, त्याची तपासणी, सीटी स्कॅन आणि नळी घालणे यासाठी सोलापुरात सिव्हिल हॉस्पिटल, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आहे. शहरात छातीच्या विकारांचे खासगी तज्ज्ञही आहेत. लिम्फँजिओग्राफी किंवा एम्बोलायझेशनची गरज पडली तर पुणे, मुंबई किंवा हैदराबादच्या मोठ्या केंद्रात जावे लागू शकते. तेथे निघण्यापूर्वी, हे काम तेथे प्रत्यक्ष केले जाते का, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच फोनवर विचारून घ्यावे. नळी घातलेल्या रुग्णाला घेऊन उगाच अडीचशे-तीनशे किलोमीटरचा प्रवास करणे धोक्याचे असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो, हे योजनेतील रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून दाखल होतानाच समजून घ्यावे. क्षय निघाला तर त्याची औषधे शासनाकडून मोफत मिळतात.

सोबत पाण्याचे सर्व जुने अहवाल तारखेप्रमाणे लावून न्यावेत, सीटीची फक्त कागदी टिप्पणी न नेता सीडीही न्यावी, बायोप्सीचे ब्लॉक आणि काचा मागून घ्याव्यात, आणि रोजच्या गळतीची वही विसरू नये. रुग्ण हृदयासाठी डिगॉक्सिन किंवा अमिओडॅरोन, किंवा अवयव प्रत्यारोपणानंतर सायक्लोस्पोरिन घेत असेल तर ते ठळकपणे सांगावे, कारण ही औषधे कायलबरोबर बाहेर जाऊन त्यांचा परिणाम कमी पडू शकतो.

दम अचानक वाढला, ओठ निळसर झाले, लघवी कमी झाली, रुग्ण गुंगीत बडबडू लागला, थंडी वाजून ताप आला, तोंडात पांढरे चट्टे दिसले किंवा नळीतून एकाएकी रक्त येऊ लागले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. गळती थांबल्यावर नळी काढण्याआधी रुग्णाला सहसा नेहमीचे चरबीयुक्त जेवण देऊन एक-दोन दिवस बाटलीकडे लक्ष ठेवतात. त्यानंतरही पाणी वाढले नाही तरच नळी निघते. घरी आल्यावर तेल-तूप हळूहळू वाढवावे, सांगितलेल्या तारखांना एक्स-रे काढावा आणि मूळ रोगाची औषधे दम थांबला म्हणून मध्येच सोडू नयेत.